ऑस्ट्रेलियन वाइन निवडताना: आधी जीभ, मग जेवण, मग लेबल, सवलत सगळ्यात शेवटी

मेलबर्नमध्ये मराठी मंडळींकडे जेवायला गेलं की टेबलावर एक बाटली हमखास दिसते. काळीशार, जड, पंधरा टक्के अल्कोहोलची शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन. शेजारच्या पातेल्यात तांबडा रस्सा. पहिल्या घोटानंतर सगळे "छान आहे हं" म्हणतात, दुसऱ्या घोटाला घसा पेटतो आणि दहा मिनिटांत कुणीतरी गुपचूप बिअर उघडतो. बाटली वाईट नसते, ती चुकीच्या जेवणाला आलेली असते.

चूक होते ती क्रमात. बहुतेक जण आधी सवलत बघतात, मग सोनेरी स्टिकर, मग रंग. जेवणाचा विचार झाकण उघडल्यावर येतो. खाली उलटा क्रम दिला आहे. महिन्यातून दोन-तीनदा पिणाऱ्या, घरात तळघर नसलेल्या आणि बाटलीमागे पंधरा ते तीस ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चणाऱ्या माणसासाठी तो आहे. यातली जवळजवळ प्रत्येक चूक मी केली आहे. एक तर डझनाने केली, ते पुढे येईल.

## १. दुकानात जाण्याआधी जीभ तपासा

द्राक्षांची नावं पाठ करायची घाई नको. आधी चार गोष्टींबद्दल स्वतःचं मत ठरवा: आंबटपणा, तुरटपणा, दाटपणा, गोडवा. यासाठी वाइन लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं.

आंबटपणासाठी बिनसाखरेचं लिंबूपाणी प्या. तोंडाला सुटणारं पाणी सुखाचं वाटतं की डोळे मिटतात? तुरटपणासाठी बिनदुधाचा चहा दहा मिनिटं मुरवून प्या. हिरड्या आणि गाल आवळल्यासारखे होतात ना, रेड वाइनमधलं टॅनिन हेच करतं. दाटपणासाठी स्किम दूध आणि फुल क्रीम दूध एकापाठोपाठ प्या. चव बाजूला ठेवा, तोंडात जाणवणारं वजन बघा.

गोडव्याबाबत मात्र सगळ्यांचा गोंधळ होतो. वाइनला पिकलेल्या जांभळाचा किंवा आंब्याचा वास आला की आपण तिला गोड म्हणून मोकळे होतो. फळाचा वास आणि साखर या वेगळ्या गोष्टी आहेत. नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा उरला तर साखर आहे, गायब झाला तर तो नुसता वास होता.

तपासा: आपली आवड एका वाक्यात सांगता येते का? माझं वाक्य असं आहे: "आंबट चालतं, तुरट कमी, मध्यम दाट, गोड नको." दुकानात नेमकं हेच वाक्य कामाला येतं, म्हणून फोनमध्ये लिहून ठेवा.

## २. मग जेवण ठरवा

आपल्या जेवणात अडचण मसाल्यांपेक्षा तिखटाची असते. तिखटामुळे अल्कोहोलची जळजळ वाढते आणि टॅनिन कडवट लागतं. म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा आणि साडेचौदा टक्क्यांची तुरट कॅबर्ने (ही दुसरी जड रेड) हे भांडण ठरलेलंच. नियम साधा आहे: तिखट वाढेल तसं अल्कोहोल आणि तुरटपणा उतरवा, आणि किंचित गोडव्याला परवानगी द्या.

- तळलेलं काहीही, बटाटेवडे, कोथिंबीर वडी, सुरमईचे तुकडे: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) किंवा क्लेअर व्हॅलीची रीस्लिंग, म्हणजे आंबटसर व्हाइट. आंबटपणा तेल कापतो, लिंबू पिळल्यासारखा.
- तिखट रस्से: थोडी गोडसर रीस्लिंग, थंडगार रोझे (गुलाबी वाइन), नाहीतर ग्रेनाश ही हलकी रेड. ग्रेनाशही फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून.
- बार्बेक्यूवरचे लॅम्ब चॉप्स, सुकं मटण (तिखट बेताचं): इथे बरोसाची शिराझ आणा. तिचं घर हेच.
- नारळाच्या वाटणाची कालवणं: शार्दोने ही व्हाइट, पण लाकडी पिंपाचा वास कमी असलेली.

पुरणपोळीबरोबर काय, असं लोक विचारतात. तूप. वाइन नको.

इशारा: पाहुणा म्हणून जाताना यजमानांना "काय करताय जेवायला?" एवढं विचारा. शुद्ध शाकाहारी घर असेल तर आणखी एक गोष्ट बघा. वाइन निवळताना अंड्याचा पांढरा भाग, दुधाची प्रथिनं, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. दूध किंवा अंड्याचा अंश राहत असेल तर लेबलावर तसं लिहावं लागतं, पण आयसिंग्लासचा उल्लेख सक्तीचा नाही. मागच्या बाजूला "व्हीगन" असं छापलं असेल तर प्रश्न मिटतो.

## ३. लेबल वाचायला शिका. बाटली उलटी करून

पुढचं लेबल म्हणजे जाहिरात, कामाचं लेबल मागचं. दुकानात दहा मिनिटं असतील तर सात इथे घालवा.

द्राक्ष, वर्ष, प्रदेश. ऑस्ट्रेलियात या तिन्हींना ८५ टक्क्यांचा नियम लागतो. लेबलावर एकाच द्राक्षाचं नाव असेल तर किमान ८५ टक्के वाइन त्याच द्राक्षाची हवी. वर्षाचं आणि प्रदेशाचंही तसंच. दोन द्राक्षं असतील तर ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहितात. म्हणून "कॅबर्ने शिराझ" आणि "शिराझ कॅबर्ने" या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. पहिली जास्त तुरट आणि ताठ, दुसरी जास्त गुबगुबीत.

प्रदेश जितका लहान तितकी माहिती जास्त. "साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया" लिहिलेलं असेल तर थांबा. हे कुठल्या खोऱ्याचं नाव नाही. त्यात अख्खं न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया येतं, शिवाय क्वीन्सलंड आणि साउथ ऑस्ट्रेलियाचा काही भाग. म्हणजे बाटलीवर "दख्खनचं पठार" लिहिण्यासारखं. अशी वाइन वाईटच असते असं नाही, रोजच्या पिण्याला चालते. पण तिच्यावरून कुठल्याही प्रदेशाबद्दल मत बनवू नका.

अल्कोहोलचा आकडा. शैलीचा सगळ्यात प्रामाणिक अंदाज इथे मिळतो. हंटर व्हॅलीची सेमिलॉन ही व्हाइट ११ टक्क्यांच्या आसपास असते: हलकी, लिंबासारखी. १३ च्या आसपासची शिराझ बहुधा थंड प्रदेशातली, मिरमिरीत. १४.५ किंवा १५ म्हणजे उन्हात पूर्ण पिकलेली द्राक्षं, दाट आणि ऊबदार. त्याशेजारी "स्टँडर्ड ड्रिंक्स" किती तेही छापलेलं असतं. एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. १४.५ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत अशी साधारण ८.६ असतात, ११ टक्क्यांच्या बाटलीत ६.५.

वर्ष. इथे द्राक्षांची काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. साधी सॉव्हिन्यॉन ब्लाँ (व्हाइट), रोझे, मोस्काटो (गोडसर, हलकी) शक्य तितकी ताजी घ्या. कोपऱ्यात पडलेली चार वर्षांची स्वस्त सॉव्हिन्यॉन म्हणजे "जुनी वाइन" नव्हे, ती शिळी. मुरण्यासाठीच बनलेल्या व्हाइट थोड्या, त्यात रीस्लिंग आणि हंटरची सेमिलॉन आघाडीवर.

दुर्लक्ष कशाकडे करायचं: "रिझर्व्ह", "बिन (Bin) नंबर अमुक", "ओल्ड व्हाइन". ऑस्ट्रेलियन कायद्यात या शब्दांना व्याख्या नाही. बाटली जड आहे, तळाला खोल खळगा आहे, तर काच महाग आहे एवढंच कळतं.

इशारा: स्क्रू कॅप म्हणजे स्वस्त माल, हा भारतातून सोबत आलेला समज विमानतळावरच सोडा. क्लेअर व्हॅलीच्या रीस्लिंगवाल्यांनी २००० सालच्या हंगामापासून एकत्र येऊन बूच सोडलं, कारण बुचामुळे कधीकधी वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. आज इथल्या भारी बाटल्यांनाही फिरकीचं झाकण असतं.

## ४. प्रदेश फक्त मोजके लक्षात ठेवा

ऑस्ट्रेलियात साठाहून जास्त वाइन प्रदेश आहेत. सुरुवातीला एवढे पुरेत.

बरोसा व्हॅली आणि शिराझ: दाट, काळी, चॉकलेटची झाक. अमेरिकन ओकच्या पिंपात ठेवलेली असेल तर नारळ आणि व्हॅनिलाचा वास, आपल्याला चटकन ओळखू येणारा.

क्लेअर किंवा ईडन व्हॅली आणि रीस्लिंग: लिंबाची साल, कडक आंबट, बहुतेक बिनगोड. सात-आठ वर्षं मुरलेल्या रीस्लिंगला चक्क रॉकेलसारखा वास येतो. माझ्या एका मित्राने अशी बाटली खराब समजून सिंकमध्ये ओतली होती. त्या वासासाठी लोक पैसे मोजतात, हे त्याला अजून पटलेलं नाही.

कूनावारा आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉन: चुनखडीवरच्या लाल मातीतली, तुरट, कधी नीलगिरी-पुदिन्याची झुळूक. मार्गारेट रिव्हर, तिकडे पश्चिमेला: कॅबर्ने आणि शार्दोने दोन्ही. यारा व्हॅली आणि मॉर्निंग्टन पेनिन्सुला, म्हणजे आम्हा मेलबर्नकरांचं अंगण: पिनो न्वार ही रेड. रंगाने फिकी, म्हणून लोक तिला पाणचट समजतात. घोट घेऊन मगच बोला. स्पार्कलिंग हवी असेल तर टास्मानिया. जेवणानंतर गुलाबजामाच्या शेजारी काही हवं असेल तर रदरग्लेनचं मस्कॅट, ही दाट गोड वाइन. मनुका आणि काकवी आठवेल, एका छोट्या पेल्यापलीकडे जाववणार नाही.

इशारा: सॉव्हिन्यॉन ब्लाँच्या कपाटात "मार्लबरो" दिसली की ती न्यूझीलंडची. कितीतरी लोक वर्षानुवर्षं तिलाच ऑस्ट्रेलियन समजून पितात. इथली हवी असेल तर ॲडलेड हिल्स शोधा.

## ५. पैसे: कुठे खर्चावे, कुठे नाही

माझा अनुभव सांगतो: १८ ते २८ डॉलरमध्ये सामान्य पिणाऱ्याला सगळ्यात जास्त फरक जाणवतो. दहाच्या खाली प्रदेशाची ओळख पुसलेली असते. चाळीसच्या वर बऱ्याचदा आपण अशी बाटली घेतो जी अजून पाच वर्षं उघडायलाच नको होती.

पण हा पट्टा सगळ्या द्राक्षांना सारखा लागू होत नाही. रीस्लिंग आणि सेमिलॉनमध्ये पंचवीस-तीस डॉलरला उत्तम दर्जा मिळतो. पिनो न्वारमध्ये वीसच्या खाली जाऊ नका, हौस फिटणार नाही. बिनलेबलाच्या "क्लीनस्किन" बाटल्या पन्नास माणसांच्या पार्टीला ठीक, शिकायला निरुपयोगी. आवडली तरी पुन्हा सापडत नाही.

आता माझा डझन. नवीन आलो तेव्हा एका ऑनलाइन दुकानाचा "मिस्ट्री डझन" (कुठल्या बारा बाटल्या येणार ते आधी न सांगणारा) मागवला, पन्नास टक्के सवलत. बारापैकी नऊ सारख्याच जड रेड निघाल्या, आणि मूळ किंमत म्हणून छापलेल्या आकड्याला त्या कुठेही विकल्या जात नव्हत्या. चार महिने पाहुण्यांना वाटत होतो. तेव्हापासून नियम: नवी वाइन एकच बाटली. आवडली तर सहा. बारा कधीच नाही.

तपासा: लेबलावरच्या "इस्टेट"चं नाव फोनवर शोधा. वाइनरी सापडत नाही आणि बाटली एकाच दुकानसाखळीत मिळते, तर ते दुकानाचं खाजगी लेबल असण्याची शक्यता मोठी. चव चांगली असू शकते, पण "पूर्वी ४० डॉलर, आता १८" यावर विश्वास ठेवू नका.

पदकांचंही तेच. स्टिकरवरचं वर्ष आणि बाटलीचं वर्ष जुळतंय का बघा. इथल्या वाइन स्पर्धांत साधारण ९५ च्या वर सुवर्ण, ९० च्या वर रौप्य आणि ८५ च्या वर कांस्य मिळतं. कांस्य म्हणजे तिसरा नंबर नव्हे, बिनदोष वाइन.

## ६. दुकानात काय बोलायचं

"चांगली रेड दाखवा" म्हटलं तर समोरचा काय दाखवणार? तीन गोष्टी सांगा: जेवण, आपलं पहिल्या पायरीतलं वाक्य, आणि आकडा. "तिखट चिकन आहे, फार तुरट नको, पंचवीस डॉलरपर्यंत." आकडा सांगायला लाजू नका. लहान बॉटल शॉपमधला माणूस बहुधा ती बाटली स्वतः प्यालेला असतो. मोठ्या साखळीत निवड जास्त, पण मार्गदर्शन मिळणं नशिबावर.

बाटलीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर ती पावतीसकट परत न्या, चांगली दुकानं बदलून देतात. फक्त अर्धी संपवून नेऊ नका.

## ७. घरी: दोन बाटल्या, एक फरक

खरं शिकणं इथे होतं, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. एका शनिवारी एक बाटली, महिन्याने दुसरी, अशी तुलना जमत नाही. जिभेला महिनाभर आठवत नाही.

चार जण जमवा. दोन बाटल्या घ्या, ज्यांत फरक एकच असेल. द्राक्ष तेच, किंमत जवळची, वर्ष जवळचं, प्रदेश वेगळा: एक बरोसाची शिराझ, एक यारा व्हॅलीची. दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, कुणीतरी आकडे टाका. प्रत्येकासमोर दोन सारखे ग्लास, प्रत्येकी पन्नास मिली, म्हणजे ग्लासाच्या तळाशी दोन बोटं. आधी वास, मग घोट, मग गप्प बसून एक ओळ लिहा. मोठ्याने बोलायचं नंतर, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याची चव सगळ्यांची होते.

आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा वहिनींनी एका ग्लासापुढे फक्त "मिरी" असं लिहिलं. कागद काढला तर यारा. थंड प्रदेशातल्या शिराझला काळ्या मिरीचा वास येतो, आणि तो देणारं रसायन खऱ्या मिरीतही असतं. कुठलाही कोर्स न करता त्यांनी ते पकडलं होतं.

पुढच्या जोड्या: लाकडात ठेवलेली आणि न ठेवलेली शार्दोने, एकाच वाइनरीची १८ आणि ३५ डॉलरची शिराझ, ताजी आणि मुरलेली सेमिलॉन.

चूक: आधी जेवण, मग चव. लोणचं खाल्लेल्या तोंडाला काही कळत नाही. साधा पाव आणि पाणी ठेवा. उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, रेडसुद्धा.

## ८. तापमान

"रेड वाइन रूम टेंपरेचरला" हे वाक्य थंड देशांतल्या घरांसाठी आहे. ॲडलेडच्या जानेवारीत खोली ३० अंशांवर असते आणि त्यात शिराझ काढ्यासारखी लागते. रेड १६ ते १८ अंशांवर हवी: उन्हाळ्यात उघडण्याआधी वीस ते तीस मिनिटं फ्रिजमध्ये. व्हाइट ८ ते १० वर: फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर. बर्फासारख्या थंड शार्दोनेला वासच नसतो, मग लोक म्हणतात बेचव आहे.

## ९. सेलर डोअरला जाताना

वाइनरीच्या चाखण्याच्या खोलीला सेलर डोअर म्हणतात. बऱ्याच ठिकाणी चाखण्याचे पैसे घेतात आणि बाटली घेतली तर ते वजा करतात. आधी फोन करून विचारा.

दिवसाला तीन वाइनरी, त्याहून जास्त नको. हलक्या व्हाइटपासून जड रेडकडे जा. थुंकण्यासाठी ठेवलेलं भांडं वापरा. आपल्याला ते असभ्य वाटतं, पण काउंटरमागच्या माणसाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पहिल्याच वाइनरीत अर्धा डझन घेऊ नका. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत मत बदलतं.

इशारा: गाडी चालवणारा आधी ठरवा आणि त्याने पिऊ नये. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे, लर्नर आणि पी-प्लेटवाल्यांना (नव्याने परवाना मिळालेल्यांना) शून्य. पबमधला १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे साधारण दीड स्टँडर्ड ड्रिंक. प्रौढांसाठीची इथली अधिकृत शिफारस आठवड्याला १० आणि एका दिवसात ४ स्टँडर्ड ड्रिंक्सच्या वर जाऊ नये, अशी आहे. गरोदरपणात अजिबात नको.

## १०. पुण्या-मुंबईत ऑस्ट्रेलियन बाटली घेताना

निवड कमी, किंमत जास्त. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असलेल्या बाटलीवरचं शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणि १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं ७५ वर आलं, पुढे टप्प्याटप्प्याने आणखी उतरायचं ठरलं आहे. अगदी स्वस्त बाटलीला या सवलतीचा उपयोग नाही, आणि राज्याचा कर वेगळाच.

इथे लेबलाइतकीच साठवण बघा. बाटली काचेच्या कपाटात उन्हासमोर उभी आहे का? दुकान रात्री एसी बंद करतं का? झाकणाखाली चिकट ओघळ दिसतोय का? एखादी खूण दिसली तरी सोडा. व्हाइट तीन वर्षांहून जुनी असेल तर मी हात लावत नाही.

आणि ऑस्ट्रेलियाहून परतणाऱ्या आईबाबांकडे बाटल्या देताना आकडे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात शिरताना माणशी २.२५ लिटर चालतं, म्हणजे बरोब्बर तीन बाटल्या. भारतात २ लिटर, म्हणजे दोनच. तिसरी बाटली कस्टम्सच्या टेबलावर अडकते, आणि जी अडकते ती नेमकी काकांसाठी नेलेली असते.